शब्दचर्चा : 'ग्रेन'ला कण म्हणायचं की दाणा?

अॅल्युमिनियमच्या एक्स्ट्रूजनवर मराठीत लेख लिहितोय. साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवलेला बिलेट (धातूचा ठोकळा) डायमधून, म्हणजे साच्याच्या भोकातून, दाबून काढताना धातूची आतली घडण कशी बदलते, ते संगणकावर आधीच कसं काढतात, असा विषय. 'ग्रेन'ला, म्हणजे धातूतल्या एकेका स्फटिकाला, सरसकट 'कण' लिहीत गेलो आणि इथे अडखळलो : 'बारीक कण कणांच्या सीमा अडवून धरतात.' कोण कोणाला अडवतंय, मलाच कळेना! आणि 'रीक्रिस्टलायझेशन'ला, म्हणजे दाबलेल्या धातूत नवे स्फटिक तयार होण्याला, 'पुनर्स्फटिकीकरण' चालेल ना?

*

दाणा लिहा. कण सुटा असतो. मँगनीज, क्रोमियम यांच्या संयुगांचे जे बारीक ठिपके मिश्रधातूत विखुरलेले असतात, ते कण. दाणे एकमेकांना भिडलेले, म्हणून तर त्यांना सीमा. 'कण दाण्यांच्या सीमा अडवून धरतात', मिटलं भांडण.

'करण' मात्र नको. बाष्पीभवन आपोआप होतं, तसंच हे पुनर्स्फटिकीभवन. प्रोफाइल (डायमधून निघालेला लांब तुकडा) डायबाहेर पडून गरम असतानाच नवे दाणे उगवतात, कोणी करत नाही. पृष्ठभागालगत विरूपण (दाबाने आकार बदलणं) सगळ्यात जास्त, त्यामुळे जाड दाण्यांचा थर बहुधा तिथेच सापडतो.

*

'रिकव्हरी'ला, म्हणजे नवे दाणे न बनता आतली घडण सुधारण्याला, पुनर्प्राप्ती लिहू नका हो, थकलेलं कर्ज वसूल केल्यासारखं वाटतं! मी 'सावरणं' म्हणतो. अॅल्युमिनियममध्ये डिस्लोकेशन (स्फटिकातल्या अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष) सहज वाट बदलतात, जुळून उपदाण्यांच्या, म्हणजे दाण्याच्या आतल्या छोट्या भागांच्या, भिंती रचतात. म्हणून दाबाखाली असताना हा धातू नवे दाणे घडवण्याआधी सावरूनच घेतो.

*

आणि डिस्लोकेशनला 'विस्थापन' नको. सिम्युलेशनमध्ये वस्तूवर आखलेल्या जाळीचा प्रत्येक बिंदू किती सरकला, त्यालाही विस्थापनच म्हणतात. एकाच पानावर दोन्ही आले की वाचक गेला. 'स्थानभ्रंश' बरा.

*

झेनर-होलोमन पॅरामीटरला काय म्हणू? सगळं गणित त्याच्यावरच उभं आहे.

*

नावं तशीच, पुढे 'प्राचल'. १९४४पासून रुळलेली नावं कशाला मोडायची? फक्त अर्थ एका ओळीत द्या : विरूपणाचा वेग आणि तापमान मिळून एक आकडा, काम जितकं वेगात आणि थंडात, तितका आकडा मोठा नि उपदाणे बारीक.

*

'थंडात' छान आहे, पण ४५० अंशांना थंड म्हटलं तर वाचक हसतील. 'कमी तापमानाला' लिहितो. 'उपदाणे' अजून तोंडात बसत नाही, तरी ठेवतोय.