उदास नाही, निवांत!

रशियन चित्रकार इव्हान शिश्किनच्या 'ओकच्या जंगलातला पाऊस' (१८९१) या चित्राला कुणीतरी उदास, एकाकी म्हटलंय. मला ते अजिबात पटत नाही. एकाच छत्रीखाली चाललेलं ते पाठमोरं जोडपं बघा ना! वाटेवर चिखल, जागोजागी डबकी, तरी दोघांना घाई म्हणून नाही.

तंत्राचं म्हणाल तर खरी कमाल धुक्याची. शिश्किन म्हणजे पान न् पान रेखणारा चित्रकार, ख्यातीच तशी. इथे मात्र त्याने हात आवरलाय. पुढच्या खोडांची साल आणि वाटेकडेचं गवत तेवढं बारकाईने रंगवलंय. मागे जावं तसा हिरवा करडा होत जातो, कडा विरघळतात, आणि शेवटी झाडांचे नुसते पुसट आकार उरतात. पाऊस जाणवतो तो धारांपेक्षा या ओल्या हवेमुळे आणि डबक्यांत उतरलेल्या पांढुरक्या उजेडामुळे. तो उजेड नसता तर मीही उदास म्हटलं असतं.

मोबाइलवर हे सगळं हरवतं. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीतलं मूळ चित्र सुमारे २ मीटर रुंद आहे. निदान मोठ्या स्क्रीनवर उघडा, आणि माणसांआधी ती ओली वाट बघा.