प्रति: एसडी मेमरी कार्डावर फाइल सेव्ह होत नाही

दादा, निपाणीच्या लग्नाचं रेकॉर्डिंग कार्डावर कॉपी होत नाही, लहान फोटो मात्र जातात, असं तुम्ही वर लिहिलंय. म्हणजे कार्डाच्या कडेच्या लॉकच्या पट्टीचा हा प्रश्न नाही, ती खाली सरकली असती तर फोटोही गेले नसते. (पट्टी तुटली असेल तर त्या खाचेवर सेलोटेप लावली की काम होतं.)

तुमचं ३२ जीबीचं कार्ड एफएटी३२ या जुन्या फाइल सिस्टीमवर (कार्डावर फाइली मांडायची पद्धत) असणार. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर बसतच नाही, मग २० जीबी रिकामी का असेना! तुमचं रेकॉर्डिंग त्याहून मोठं असणार. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टीम बघा. सगळा डेटा काढून घ्या, एक्सफॅटमध्ये (ही नवी पद्धत, तिला ४ जीबीची अट नाही) फॉरमॅट करा. जुना टीव्ही किंवा कार स्टीरिओ मात्र एक्सफॅट वाचेलच असं नाही.

तरी अडलं, आणि फॉरमॅट ‘झालं’ म्हणूनही कार्ड काढून घातल्यावर जुने फोटो तसेच दिसले, तर कार्ड रीड-ओन्ली झालंय, म्हणजे नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडनंही ते सुटत नाही. डेटा उतरवा, कार्ड टाका.

नवीन घेताना बेळगावच्या खडेबाजारात घ्या नाहीतर ऑनलाइन, वापरण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासा. सेकंदाला १० एमबी धरलं तर ६४ जीबी लिहायलाच पावणेदोन तास जातात. जाऊ द्यात, नकली कार्ड तिथंच उघडं पडतं.