काउंटरपॉइज पुरूनही वीज पडल्यावर लाइन ट्रिप का होते?

प्रश्न

आमची १३२ केव्हीची, एक अर्थवायर (टॉवरच्या माथ्यावरून जाणारी, विजेचा फटका झेलणारी तार) असलेली लाइन खडकाळ उतारावरून जाते. तिथल्या सलग सात टॉवरच्या पायाचा रोध उभारणीच्या वेळी, तारा ओढण्यापूर्वी, ४२ ओहमच्या आसपास मोजला होता. नंतर प्रत्येक टॉवरच्या एका पायाला जोडून १०० मीटर लांबीची एकच जीआय (जस्तलेपित लोखंडी) तार काउंटरपॉइज म्हणून, म्हणजे अर्थिंग सुधारण्यासाठी, जमिनीत आडवी पुरली आणि चालू लाइनवर पुन्हा मोजणी केली, तेव्हा रीडिंग ३ ओहमच्याही खाली आले. असे असूनही विजांच्या हंगामात लाइन त्याच पट्ट्यात दोनदा ट्रिप झाली. गस्तीत एका टॉवरवर मधल्या आणि खालच्या अशा दोन फेजच्या स्ट्रिंगवर (तार टांगणाऱ्या इन्सुलेटर चकत्यांच्या माळेवर) खुणा सापडल्या. चकत्यांच्या झिलईवर तपकिरी डाग होते आणि टोपीच्या कडेला वितळलेल्या जस्ताचे बारीक मणी चिकटलेले होते. अर्थिंग इतके उत्तम असताना हे कसे घडले?

उत्तर १

आधी त्या ३ ओहमवरचा विश्वास काढून घ्या. खडकाळ जमिनीत १०० मीटरची एक तार ४२ ओहमचे ३ ओहम करू शकत नाही. दुसऱ्या मोजणीच्या वेळी अर्थवायर जोडलेली होती, त्यामुळे साध्या टेस्टरच्या कमी वारंवारितेच्या प्रवाहाला शेजारचे सगळे टॉवर समांतर सापडले आणि तुम्ही त्या साखळीचा रोध मोजला. चालू लाइनवर अर्थवायर सोडवणे शक्य नसल्यास सुमारे २५ किलोहर्ट्झवर चालणारा टेस्टर वापरावा, कारण त्या वारंवारितेला अर्थवायरचे प्रेरकत्वच शेजारच्या टॉवरकडे जाणारी वाट जवळजवळ बंद करते.

खुणांविषयी सांगायचे तर, वीज अर्थवायर चुकवून थेट फेजवर पडली असती तर बहुधा वरच्या एकाच फेजवर डाग दिसले असते, आणि त्या दोषावर अर्थिंग हा उपायच नाही. एकाच टॉवरवर दोन फेजवर आणि त्यातही खालच्या फेजवर खुणा असणे हे बॅक फ्लॅशओव्हरचे, म्हणजे टॉवरचाच दाब चढून ठिणगी टॉवरकडून फेजवर उडण्याचे, लक्षण आहे. खालची फेज अर्थवायरपासून सर्वांत दूर असल्यामुळे तिच्यावर प्रेरित होणारा दाब सर्वांत कमी असतो, आणि म्हणून तिच्या स्ट्रिंगवर टॉवर आणि फेज यांच्या दाबातला फरक सर्वांत जास्त पडतो.

उत्तर २

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, परंतु खरी मेख एकाच लांब तारेत आहे असे माझे मत आहे. विजेचा प्रवाह एक-दोन मायक्रोसेकंदांत शिखराकडे जातो, आणि तेवढ्या वेळात पुरलेली तार तुमच्या मीटरवरच्या ओहमसारखी वागत नाही. पहिल्या क्षणी तिची लाट-बाधा (धावत्या लाटेला तारेकडून होणारा अडथळा) १५० ओहमच्या आसपास असते. जमिनीतून लाट प्रकाशाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने, म्हणजे मायक्रोसेकंदाला सुमारे १०० मीटर जाते, त्यामुळे १०० मीटरच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला तिला २ मायक्रोसेकंद लागतात.

हिशेब मांडून पाहा. पायाचे ४२ ओहम आणि तारेचे १५० ओहम समांतर धरले तर सुरुवातीला ३३ ओहम मिळतात. पहिल्या फटक्याच्या शिखरप्रवाहाचे मध्यमूल्य साधारण ३० किलोअँपिअर असते, म्हणजे टॉवरचा दाब १,००० किलोव्होल्टच्या घरात जातो. अर्थवायरमधून दोन्ही बाजूंना वाटला जाणारा प्रवाह आणि फेजवर प्रेरित होणारा दाब यांमुळे त्यातला काही भाग वजा होतो, तरीही नऊ चकत्यांची सुमारे १.३ मीटरची स्ट्रिंग जेमतेम ७०० किलोव्होल्टपर्यंतच तग धरते. याहून मोठा फटका बसला की मग काही उरत नाही.

तीच १०० मीटर तार २५ मीटरच्या चार तुकड्यांत, चारही पायांपासून चार दिशांना पुरली असती तर चार लाट-बाधा समांतर येऊन ३८ ओहमच्या आसपास झाल्या असत्या, पायासकट सुमारे २० ओहम. टोकाहून परतणारी लाटही अर्ध्या मायक्रोसेकंदात मदतीला आली असती. सामान तेवढेच लागले असते, खोदाईही तेवढीच झाली असती.

उत्तर ३

सलग सात टॉवर ही बाब मला अधिक गंभीर वाटते. शेजारच्या टॉवरचे अर्थिंग चांगले असेल तर ३०० मीटरच्या गाळ्यात (दोन टॉवरमधल्या अंतरात) तिथून परतणारी ऋण लाट सुमारे २ मायक्रोसेकंदांत येऊन दाब खाली खेचते. तुमच्या पट्ट्याच्या मधल्या टॉवरला ही मदत फार थोडी मिळते. मोठ्या प्रवाहाखाली पायाभोवतीच्या मातीचे आयनीभवन होऊन रोध काहीसा उतरतो हे खरे असले तरी लांब तारेच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवू नये. जिथे खडक फोडूनही रोध उतरत नाही, तिथे खालच्या फेजवर लाइन अरेस्टर (स्ट्रिंगवरचा जादा दाब रोखणारे साधन) बसवण्याचा विचार करावा.

प्रश्नकर्ता

उच्च वारंवारितेच्या टेस्टरने सातही टॉवर पुन्हा मोजले. पाच टॉवरवर १४ ते १७ ओहम मिळाले. उरलेल्या दोन टॉवरवर ४० ओहमच्या पुढे रीडिंग आले, म्हणून जोड उकरून पाहिला, तर तार पायाच्या रंगवलेल्या भागावर नुसती आवळलेली होती आणि बोल्टखाली रंगाचा थर शाबूत होता. खुणा सापडलेला टॉवर त्या दोनांपैकीच एक आहे. जोड घासून नव्याने बांधले आहेत, आणि चार दिशांच्या २५ मीटर तारांची खोदाई या दोन टॉवरपासूनच सुरू करत आहोत.