मदत हवी आहे : भाच्यासाठी गाड्यांचा चांगला सिनेमा सुचवा

नमस्कार मंडळी, माझा भाचा नाशिकलाच डिप्लोमा करतो. सध्या त्याला २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस'ने झपाटलंय. मीही त्याच्यासोबत पाहिला. रात्रीच्या रस्त्यावर शेजारी शेजारी गुरगुरणाऱ्या गाड्या, मित्रांची ती आपुलकी. पोरं वेडी का होतात ते कळतं. पण जेमतेम ४०० मीटरच्या शर्यतीत हिरो किती वेळा गिअर बदलतो! वेग वाढवणाऱ्या नायट्रस वायूचं बटण दाबल्यावर गाडीतल्या लॅपटॉपवर इशारा झळकतो आणि गाडीच्या तळाचा पत्राच गळून पडतो. नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही, इंजिनाला जादा ऑक्सिजन पुरवतो, एवढंच. कथा तर अगदीच पातळ. मला खरी काळजी वेगळीच आहे, रात्री गंगापूर रोडवर पोरं बाईक पळवतात ना, त्याची. सिनेमात चालणाऱ्याचा, सायकलवाल्याचा विचारच नाही.

त्याला नुसतं 'बघू नकोस' म्हणायचं नाहीये. १९६८ चा 'बुलिट' दाखवणार आहे, त्यातला सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा पाठलाग खऱ्या गाड्यांनी चित्रित केलाय. असे आणखी सिनेमे सांगाल का? आणि नाशिकजवळ हेल्मेट घालून, रीतसर ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवणारं कुणी माहीत आहे का?