बागेच्या आरक्षणावर झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना: ३५ टक्के मोकळी जागा नक्की कुणाला मिळते?

पूर्व_उपनगर
मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार, बाग किंवा मैदानासाठी राखलेल्या ५०० चौ. मी.हून मोठ्या भूखंडावर झोपडपट्टी असेल तर तिथेच पुनर्वसन करता येतं. अट एकच, किमान ३५ टक्के जमीन मोकळी ठेवायची. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला.

आता हिशेब करा. समजा १ हेक्टरचा भूखंड आहे आणि त्यावर ६५० कुटुंबं. घरटी ५ माणसं धरली तर ३,२५०. मोकळी जागा ३,५०० चौ. मी., म्हणजे माणशी जेमतेम १ चौ. मी.! विक्रीच्या इमारतीतले (बिल्डर बाजारभावाने विकतो त्या घरांतले) रहिवासी अजून धरलेलेच नाहीत, आणि आसपासच्या ज्या गल्ल्यांसाठी मुळात हे आरक्षण होतं, त्याही नाहीत. केंद्राची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं माणशी १० ते १२ चौ. मी. सांगतात.

गोवंडी-मानखुर्दकडे बागेच्या ६५ टक्के जागेवर पाणी सोडायचं आणि महालक्ष्मी रेसकोर्सवर १२० एकरांचं पार्क आखायचं. गोवंडीकराने तिथे जायचं कसं? हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग पश्चिम रेल्वेची स्लो. पोरंबाळं घेऊन तीन गाड्या.

आरेखन
हिशेब बरोबर, पण त्यातून काढलेला अर्थ पटत नाही. आज त्या भूखंडावर मोकळी जागा शून्य आहे. ती १०० टक्के हवी असेल तर ६५० कुटुंबं हलवायची कुठे, तेही सांगा. तानसा जलवाहिनीलगतच्या लोकांना माहुलला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेलं, तिथल्या हवेत राहायला ते तयार नव्हते. बागेसाठी दुसरं माहुल करायचं का?

कुदळ
तुम्ही दोघं टक्केवारीवर भांडताय. त्या ३५ टक्क्यांच्या खाली काय आहे, ते कुणी बघतंय का?

नकाशात हिरवा चौकोन असतो. जागेवर त्यातच पार्किंगचा रॅम्प, भूमिगत टाकी आणि अग्निशमन गाडीची ६ मीटरची वाट शिरते. खाली तळघर असेल तर स्लॅबवर ३०-४५ सें.मी. माती पडते. तेवढ्यात लॉन आणि शोभेची झुडपं येतात; सावलीच्या झाडाला निदान १ ते दीड मीटर माती हवी. मैदान पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, चढवू नका, जमिनीवरच द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर प्रकरणात सांगितलं आहे.

दुसरं दुखणं राडारोड्याचं. पाडकामाचा माल तिथेच पसरून जेसीबीने दाबतात, वर वीतभर लाल माती. पावसाळ्यात पाणी खाली मुरत नाही, मुळं कुजतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात झाड जातं. मग "लोकांनी जपलं नाही" म्हणायला सगळे मोकळे. खड्डा १ × १ × १ मीटरचा घ्या, राडारोडा बाहेर काढा, तळ पहारीने फोडा, ३ भाग मातीला १ भाग कुजलेलं शेणखत घाला. करंज, तामण, भेंडी, ६-७ फुटी रोपं. पिशवी फाडून गोल फिरलेली मुळं कापून लावा. दोन उन्हाळे टँकर, त्याचे पैसे निविदेतच धरलेले हवेत.

आणि कृपा करून मियावाकी, म्हणजे खेटून लावलेलं दाट जंगल, नको. चौ. मी.ला ३ रोपं म्हणजे आत पाऊलही टाकता येत नाही. कुंपणाबाहेरून बघायची ती हिरवळ. पोरांनी खेळायचं कुठे?

गच्चीवरून
बागेचं नंतर बघू, आधी ऊन द्या. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत दोन इमारतींत ३ मीटरची फट आहे. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लागतो आणि त्या फटीत कचरा पडतो. टीबीचा या रचनेशी असलेला संबंध तिथे तपासलाही गेला आहे. ३५ टक्के एका कोपऱ्यात राखून उरलेल्या जागेत इमारती अशाच खेटून उभ्या राहणार असतील, तर काय उपयोग?

पूर्व_उपनगर
माहुलचा मुद्दा मान्य, कुणाला हलवू नका. पण मग या अटी लिहून घ्या: रॅम्प, टाकी, गाडीची वाट वगळून ३५ टक्के मोजायचे. फाटक सार्वजनिक रस्त्यावर हवं, विक्रीच्या इमारतीच्या वॉचमनसमोरून नको. मोकळ्या जागेचं मालमत्ता पत्रक वेगळं करून पालिकेच्या नावावर करा. ताबा मिळेपर्यंत विक्रीच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायची परवानगी, नाही.

आरेखन
शेवटच्या तिन्ही अटींना माझी हरकत नाही. पहिलीने मात्र योजना अडते. पुनर्वसनाची घरं फुकट, त्यांचा खर्च विक्रीच्या घरांतून निघतो. वांद्र्याच्या भावात थोड्या चौरस फुटांत भागतं, गोवंडीत जास्त विकावे लागतात. जागा आणखी कापलीत तर बिल्डर तिकडे फिरकणारच नाही.

पूर्व_उपनगर
म्हणजे वस्ती गरीब, जमीन स्वस्त, म्हणून बागही लहान! अहो, मग तो फरक बिल्डरच्या हिशेबात कशाला बसवताय? पालिकेने भरावा. महालक्ष्मीच्या १२० एकरांना कुणी विचारलं होतं का, विक्रीची इमारत कुठे आहे म्हणून?