जिल्हावार लोकसंख्यावाढीचा इतिहास (१८७२ पासून): कोकण, वऱ्हाड, मराठवाडा – कुठून सुरुवात करावी?

खाडीपलीकडे:
नमस्कार मंडळी. मी चिपळूणच्या बाजूचा, महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी; त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. मुलं विचारतात, हे कधीपासून चाललंय? दुष्काळ, साथी, कापूस, गिरण्या यांनी आपल्या विभागांची लोकसंख्या कशी घडवली यावर त्यांच्याकडून एक प्रकल्प करून घ्यायचाय. आकडे कुठे मिळतील, आधी काय वाचावं, आणि घोळ कुठे होतो?

जुनेतक्ते:
विषय फार चांगला निवडलात. जनगणनेच्या ए-२ तक्त्यापासून सुरुवात करा. १९०१ पासूनची प्रत्येक जिल्ह्याची लोकसंख्या त्यात एका ओळीत मिळते, आणि ती २०११ च्या हद्दींनुसार जुळवलेली असते. हे जुळवणं किती महत्त्वाचं ते तुमच्याच जिल्ह्यावरून कळेल. जुन्या अहवालांतल्या 'रत्नागिरी'त मालवण, देवगड, वेंगुर्ले येतात, सावंतवाडी संस्थान मात्र येत नाही. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. त्यामुळे १९०१ च्या मागे जायचं तर तालुक्यांचे आकडे घेऊन बेरीज स्वतः करावी लागते.

दुसरं म्हणजे आजचा महाराष्ट्र तेव्हा निरनिराळ्या अहवालांत विखुरलेला होता. कोकण, देश, खानदेश मुंबई इलाख्यात. नागपूर-चांदा (आजचं चंद्रपूर) मध्य प्रांतात. वऱ्हाडचा १९०१ पर्यंत स्वतंत्र अहवाल, मग मध्य प्रांताबरोबर. आणि मराठवाडा निजामाच्या हैदराबादमध्ये. हैदराबादची पहिली शिरगणती १८८१ ची, म्हणून मराठवाड्यासाठी १८७२ चा आकडा शोधत बसू नका. जुने अहवाल जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. पुण्यात येणं जमलं तर गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात बसा.

वऱ्हाडी_माणूस:
वाचायचं म्हणाल तर केंब्रिजच्या भारताच्या आर्थिक इतिहासातला दुसरा खंड घ्या. त्यात लीला आणि प्रवीण विसारिया यांचं १७५७ ते १९४७ च्या लोकसंख्येवरचं प्रकरण आहे. देशाचे विभाग पाडून कुठे वाढ जोरात होती, कुठे ती अडली, हे त्यात मांडलंय. किंग्जली डेव्हिस यांचं भारत-पाकिस्तानच्या लोकसंख्येवरचं १९५१ चं पुस्तक जुनं असलं तरी पाया पक्का करतं. मुलांना एवढं पुरे. नाहीतर वाचण्यातच वर्ष संपेल आणि तक्ते उघडलेच जाणार नाहीत.

आमच्या वऱ्हाडाबद्दल एक सांगतो. इथे कापूस होता, १८६० च्या दशकात रेल्वे आली, बाहेरून माणसं येऊन वसली. तरीही १८९१ ते १९०१ मध्ये लोकसंख्या घटलीच, कारण मध्ये १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ. बाजारपेठ आली म्हणजे लोकसंख्या वाढतच जाते असं मुलांना वाटू नये.

आकडेमोड:
१९२१ वर सावकाश थांबा. आजच्या हद्दींतल्या महाराष्ट्रात १९०१ ला १ कोटी ९४ लाख लोक होते, १९११ ला २ कोटी १५ लाख, आणि १९२१ ला २ कोटी ८ लाख. घट जवळपास ३ टक्के. साऱ्या देशाची मात्र ०.३ टक्के. आपल्याकडे एवढी जास्त का? १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून पसरली आणि मुंबई इलाखा व मध्य प्रांत हे तिने सर्वाधिक पोळलेल्या प्रांतांपैकी होते. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. १९२१ नंतर मृत्युदर उतरू लागला आणि वाढ पुन्हा कधी थांबली नाही. २०११ ला आपण ११ कोटी २४ लाख झालो. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत किती माणसं अकाली गेली, हे या एका आकड्याआड दडून राहतं. ते मुलांना जरूर दाखवा.

खाडीपलीकडे:
सर्वांचे आभार. एक विचारतो. कोकणातली घट साथींमुळे म्हणायची की मुंबईमुळे? तक्त्यातून ते वेगळं कसं काढायचं?

जुनेतक्ते:
नुसत्या एकूण लोकसंख्येवरून ते कळत नाही, आणि बहुतेक अभ्यास इथेच अडतात. दोन तक्ते शेजारी ठेवा: जन्मस्थानाचा आणि स्त्री-पुरुषांचा. मुंबई शहराच्या अहवालात जन्मस्थानाचा तक्ता जिल्हावार आहे, आणि एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्यांत रत्नागिरीकर सर्वांत जास्त. मुंबईत तेव्हा हजार पुरुषांमागे सहाशेच्या आसपास बायका. रत्नागिरीत २०११ लाही हजार पुरुषांमागे ११२२. पुरुष गिरणीत, गोदीत, पोलिसांत; बायका घर, शेत आणि म्हातारीकोतारी सांभाळत गावी. दुष्काळ-साथीची घट पुढच्या दहा-वीस वर्षांत भरून निघालेली दिसते. स्थलांतराची तशी निघत नाही.

मुंबईचेही आकडे जपून वापरा. १८६४ ला ८,१६,५६२, आणि कापसाची तेजी कोसळल्यावर १८७२ ला ६,४४,४०५. प्लेगात लोक गावी पळाले, म्हणून १९०१ ला ७,७६,००६. पाचच वर्षांनी, १९०६ च्या शहरातल्या मोजणीत ९,७७,८२२. ही वाढ जन्मांची नव्हे, त्यातली बरीच माणसं परतून आलेली होती.

वऱ्हाडी_माणूस:
माझं मत थोडं वेगळं आहे. सगळा महाराष्ट्र घेऊ नका, मुलं दमतील. रत्नागिरी, सोलापूर, अमरावती, बीड एवढे चार घ्या. सोलापुरात १८७६-७८ चा दुष्काळ ठळक दिसेल, आणि बीडमुळे हैदराबादचे अहवालही उघडावे लागतील.

आकडेमोड:
चार जिल्हे पटले. फक्त १९४१ चा अहवाल उघडताना तयारी ठेवा: युद्धामुळे त्या वेळी तक्ते फार कमी छापले गेले. जन्मस्थानासाठी १९३१ वरून थेट १९५१ वर जावं लागेल.

खाडीपलीकडे:
चार जिल्हे नक्की. रत्नागिरीचे १८७२ आणि १८८१ चे तालुक्यांचे आकडे आधी उतरवून घेतो, आणि सावंतवाडी वेगळ्या रकान्यात ठेवतो. बेरीज झाली की इथेच टाकेन. तपासून द्याल ना?

जुनेतक्ते:
अवश्य. टाकताना प्रत्येक आकड्यापुढे अहवालाचं साल आणि पान लिहा, म्हणजे तपासणं सोपं जाईल.