क्लेडोग्रॅम : वंशवृक्ष म्हणावं की शाखालेख?

ऐरोलीहून : सोसायटीतली मुलं खाडीकाठच्या प्राण्यांचा तक्ता करताहेत. निवटी (चिखलातला मासा), कोल्हा, घोरपड, टिबुकली आणि रोहित (आपला फ्लेमिंगो). कोण कोणाच्या नात्यातलं हे दाखवणाऱ्या क्लेडोग्रॅमला मराठीत काय मथळा द्यावा? मी ‘वंशवृक्ष’ सुचवलंय. चालेल ना?

कळव्याहून : चालेल, पण पोरं फसतील. जातीच्या दाखल्याला आपण वंशावळ जोडतो, तिच्यात वर खापरपणजोबांचं नाव आणि खाली वारस. क्लेडोग्रॅममध्ये नावं असतात ती सगळी टोकांना, म्हणजे वारसांच्या जागी. रेघ जिथे फुटते तिथे सामाईक पूर्वज, आणि त्या फाट्यावर नाव नसतं. ‘वंशवृक्ष’ वाचलं की पहिलं नाव निवटीचं, म्हणजे तीच सगळ्यांची पणजी, असं मुलं धरून चालणार. त्यात ती ओहोटीला चिखलात छातीच्या परांवर सरकत चालते, मग तर खात्रीच! पण चार पायांचे प्राणी आले ते मांसल परांच्या माशांच्या शाखेतून. निवटीची शाखा त्याच्या कितीतरी आधी वेगळी झाली होती. चिखलात चालणं तिने तिचं तिचं कमावलंय. नात्याने बघाल तर घोरपडीला निवटीपेक्षा लंगफिश (त्याच मांसल परांच्या शाखेतला मासा) जवळचा.

घणसोलीहून : आमच्या मुलीने घोरपड निवटीशेजारी काढली. दोघी थंड रक्ताच्या, म्हणून. खोडायचं का?

कळव्याहून : ताई, शेजारी काढली म्हणून काही बिघडत नाही. फाट्यावरून कुठलीही फांदी फिरवून डावीची उजवी करा, नातं तेच राहतं. दोन टोकांवरून मागे येत त्यांच्या रेघा कुठे मिळतात, तेवढंच बघायचं. घोरपड आणि रोहित ज्या फाट्यावर मिळतात, तो घोरपड-कोल्हा फाट्यापेक्षा अलीकडचा. म्हणजे चार पाय असूनही घोरपड कोल्ह्यापेक्षा रोहितच्या जवळची. मुलीच्या चित्रात रेघा तशा मिळत असतील तर हात लावू नका. घोरपड आणि निवटी आपापसात आधी जोडल्या असतील, तर मात्र खोडा.

गंमत पुढेच आहे. उंच पाय, लांब मान बघून रोहितला कोणीही चित्रबलाकाच्या घरचा म्हणेल. २००१ साली डीएनएच्या अभ्यासातून त्याचे सगळ्यात जवळचे नातलग निघाले ते टिबुकलीचे भाऊबंद. तळ्यात डुबकी मारणारी ती मूठभर टिबुकली!

ठाण्याहून : मी ‘शाखालेख’च्या बाजूने. ग्रीक ‘क्लाडोस’ म्हणजे फांदी, त्यामुळे अर्थ नेमका बसतो. या पद्धतीचा पाया घातला विली हेनिग यांनी, १९५० च्या जर्मन पुस्तकात. माणूस माश्या-डासांचा अभ्यासक, मोठ्या जनावरांचा नव्हे. आणि तक्त्यात ‘आदिम’, ‘प्रगत’ हे शब्द नकोत. निवटी आज जिवंत आहे, तिच्याही शाखेची उत्क्रांती तेवढाच काळ चालली आहे.

ऐरोलीहून : ठरलं. मथळा ‘शाखालेख’, खाली बारीक अक्षरात ‘क्लेडोग्रॅम’.

कळव्याहून : छान. पाचही नावं एका ओळीत, सारख्या उंचीवर लिहायला सांगा. निवटी तळाशी आणि रोहित शेंड्यावर काढला, तर मथळा बदलूनही पोरं शिडीच वाचतील.